उपाशीपोटी

पोट भरल्याचं मेंदूला कळवणाऱ्या आतड्यातल्या हार्मोन्सवर डॉक्टरीणबाईंचं संशोधन चालू होतं. त्यासाठी येणाऱ्या एका बाईंचं उपाशीपोटी तपासलेलं इन्सुलिन तिसऱ्यांदा वाढलेलं निघालं, तेव्हा त्यांचा पारा चढला.

"खरं सांगा, सकाळी काय खाल्लंत?"

"काहीच नाही हो."

"मग इन्सुलिन काय हवा खाऊन वाढलं?"

"धाकट्यानं ताटात टाकलं होतं, तेवढं संपवलं. फेकवत नाही ना. त्याला काय खाणं म्हणायचं?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात.

संध्याकाळी घरी लेकीचं उष्टं ताट उभ्याउभ्या संपवत त्या नवऱ्यावर करवादल्या, "सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही माझ्या, तरी मेलं वजन हलत नाही."