मारेनचे डोळे

"रंग अजून ओला आहे," येप्पेनं पुन्हा थाप मारली.

जहाजाच्या तोंडावर बसवलेली, त्यानंच कोरलेली लाकडी बाई, मारेन, अजून आंधळीच होती. ओठ लाल झाले, केसांना सोनेरी मुलामा चढला, झगा निळा झाला. डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. आणि बाईचे डोळे उघडल्याशिवाय मारस्टाल बंदराचा खलाशी जहाजावर पाय ठेवत नाही. आंधळीच्या मागं समुद्रात कोण जाईल?

"परवा तुझा हात थरथरत होता," कप्तान हॉल्म धक्क्यावरून ओरडला. "काल कुंचला उंदरानं खाल्ला. आज रंग ओला. म्हाताऱ्या, वारा काय तुझ्या बापाचा नोकर आहे?"

"उंदीर मोठा होता हो, कप्तान."

खलाशी फिदीफिदी हसले. येप्पेही हसला, पण टांगलेल्या फळीवरून त्याची नजर खाली गेली. त्या खलाशांत त्याचा एकुलता एक मुलगा लौरिट्स उभा होता, बोचकं खांद्याला लावून.

"बा, काढ की डोळे. लोक मला हसतायत."

"त्या लांबच्या चिली देशात काय ठेवलंय रे?"

"इथं तरी काय ठेवलंय? हेरिंग मासळी आणि तू."

येप्पेनं कुंचला बुडवला. खाली सगळ्यांनी टोप्या काढल्या. दोन काळी बुबुळं उमटली आणि तो बाजूला सरकला, तसा कप्तानानं आ वासला. बाई समोर बघतच नव्हती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती डावीकडं बघत होती, गावाकडं, थेट येप्पेच्या दाराकडं.

"पूस ते! आत्ताच्या आत्ता!"

"पुसतो की. पण डोळे पुसलेल्या जहाजावर कोण चढतंय, तेवढं आधी विचारून घ्या."

कुणी हललं नाही. कप्तान पचकन थुंकला. "चढा, गाढवांनो."

"बा, तू पक्का लबाड आहेस," लौरिट्स म्हणाला.

"पुढची वाट कप्तानाला ठाऊक आहे. हिला घर ध्यानात राहू दे, बस."

दोर सुटले. होड्यांनी ओढून जहाजाचं तोंड बंदराबाहेर फिरवलं, आणि येप्पेनं जीभ चावली. गाव मारेनच्या उजव्या हाताला गेलं होतं. आता ती टक लावून बघत होती उघड्या समुद्राकडं. जन्मभर जहाजांसाठी बाया कोरल्या, आणि जहाज वळतं हेच पठ्ठ्या विसरला.

"येप्पे!" मासळीवाली बोडिल खिदळली. "तुझी बाई तर पळूनच चालली की रे!"

येप्पे धक्क्याच्या टोकापर्यंत धावला. परत आला. पुन्हा गेला. शिडं लहान होत चालली होती.

"येताना," तो धापा टाकत म्हणाला, "परत येताना हिची डावी बाजूच गावाकडं असते."