सुटलेला पंख

पुठ्ठ्याचं रॉकेट झाडांच्या वर जेमतेम पोचलं, तोच शेपटीचा पंख सुटला आणि ते गरगरत परीक्षकांच्या टेबलावर आदळलं. घरी येताच लेकीने तो पंख वडिलांच्या नाकासमोर धरला. त्याच्या कडेला लाल रंगाचा पापुद्रा चिकटून आला होता. "गोंदाने रंग धरलाय, रॉकेटची नळी नाही. पंख चिकटवून मग रंगवलं म्हणालात ना?" "आधी रंगवलं की कुंचला सगळीकडे पोचतो," वडील म्हणाले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घ्या पॉलिशपेपर. घासा." ते नळी घासत बसले. रंग उतरला, तशी नळीवर तिने बॉलपेनने दाबून लिहिलेली ओळ वर आली: 'बाबा, आधी पंख, मग रंग.' "हे दिसलं नाही?" "दिसलं. म्हटलं, हिला काय कळतंय." तिने नवा पंख उचलला. "तेवढी ओळ घासू नका. पुढच्या स्पर्धेत सगळ्यांना दिसू दे."