डावा हात

दुकानदाराने दोन विदेशी एअर रायफली पुढे ठेवल्या. सुवर्णाच्या कोपराखाली संपलेल्या डाव्या हाताकडे बघत तो म्हणाला, "ताई, ही ऑस्ट्रियन घ्या. हलकी आहे, तुम्हाला झेपेल."

सुवर्णाने दोन्ही खांद्याला लावून पाहिल्या. "जर्मन जड आहे, म्हणून हलत नाही. हीच हवी."

मग सुताराकडून तिने रायफलीचा पुढचा लाकडी भाग कोरून घेतला, आत चामडं लावलं. अर्धा हात त्यात घट्ट बसला.

नेमबाजी क्लबात तिची पहिलीच गोळी दहा गुणांच्या मधल्या ठिपक्यात लागली. शेजारी सराव करणारा इनामदार धावत आला. "मला एकदा मारू दे की!"

त्याने रायफल खांद्याला लावली आणि तो चाचपडला. "अगं, डावा हात ठेवायचा कुठं?"

"ती माझ्या मापाची आहे," सुवर्णा ताठ मानेने म्हणाली.