नमुन्याची तीन प्रकरणं

“खरं सांगा मास्तर,” पुण्याचे प्रकाशक आगटे चष्मा पुसत म्हणाले, “हा तुमचा गूळवाला लेखक आहे की नाही?”

अंबादास मास्तरांनी नजर खाली वळवली. समोर लॉजच्या टेबलावर रुद्रय्याच्या कादंबरीची तीन प्रकरणं पडली होती. अख्खी कादंबरी आगट्यांनी मागितलीच नव्हती. आधी तीन प्रकरणं नमुन्याला द्या, पसंत पडली तर पुढचं बोलू, असं म्हणाले होते. त्यावर रुद्रय्या खो खो हसला होता. “म्हंजे आमच्या सौद्यागतच की! ढेप फोडून खडा चाखायचा, मग बोली.” आणि खडा चाखायचा तर अंबादास मास्तरांनी, हेही त्यानंच आगट्यांना सुचवलं होतं. कोल्हापुरात त्यांच्याइतकी जीभ कुणाची?

जीभ! ती प्रकरणं वाचताना त्या जिभेवर नुसतं कडवट पाणी सुटलं होतं.

मास्तरांची एकुलती एक कादंबरी सत्तेचाळीस साली छापून आली. शाळेत सत्कार झाला, गळ्यात हार पडले. त्याला आता सहा वर्षं झाली आणि लेखणी कोरडी ठणठणीत. कालिंदीबाई अजून आल्यागेल्याला नवऱ्याचं तेच एक पुस्तक दाखवत. आणि हा रुद्रय्या! शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर मांडी ठोकून बसायचं, दोन बोलींच्या मधे चार ओळी खरडायच्या, अंगाला काकवीचा वास, आणि ह्यानं असं लिहावं? मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यानं वाईट लिहिलं असतं तर त्यांनी पोटभर कौतुक केलं असतं.

कादंबरी होती दोन शाहिरांची. एक तुरेवाला, एक कलगीवाला. जन्मभर फडात समोरासमोर उभे ठाकलेले. एक प्रकरण तुरेवाला सांगणार, पुढचं कलगीवाला. एकानं डफावर थाप मारून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. नमुन्यातलं पहिलं आणि तिसरं प्रकरण तुरेवाल्याचं, आणि असं खणखणीत, की मास्तरांना डफ ऐकू आला. मधलं कलगीवाल्याचं. ते मात्र उणं पडत होतं. मास्तरांना तेवढाच काय तो दिलासा.

“तुरेवाला झकास आहे,” आगटे म्हणाले. “कलगीवाला कच्चा वाटतो. पण दोघांनी आळीपाळीनं सांगायचं, ही कल्पना मला फार आवडली. तो दुसरा सुधारेल का? सुधारणार असेल तर आत्ता होय म्हणतो. तुमचा शब्द शेवटचा.”

सुधारला असता. मास्तरांना ते लख्ख दिसत होतं. कलगीवाला कुठं अडखळतो, तिथं कोणतं वाक्य हवं, हेसुद्धा त्यांना वाचता वाचता सुचून गेलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सुचलं, आणि तेही दुसऱ्याच्या कागदावर! ह्याचाच त्यांना जास्त संताप आला होता.

उघड वाईट बोलावं तर जळफळाट दिसला असता. म्हणून मास्तरांनी सल्ला दिला. जवाब देणारा नसला की सवाल टाकणारा उगाच एकटा ओरडत बसतो, हे पक्कं ठाऊक असून दिला.

“कलगीवाल्याला काढूनच टाका,” ते म्हणाले. “नाकापेक्षा मोती जड होतोय. एकट्या तुरेवाल्याला बोलू द्या.”

आगटे थोडे घुटमळले. पण कागदाचे भाव बघता अर्धी कादंबरी त्यांनाही परवडणारी होती. त्यांनी मधलं प्रकरण उचलून बाजूला सारलं. “ठरलं तर. तुम्हीच खाली जाऊन सांगा त्यांना. तुम्ही सुचवलंत हे माझ्यापाशीच राहील.”

जिना उतरताना मास्तरांना अगदी हलकं वाटलं. पुस्तक येईल, पण लंगडं. लोक म्हणतील, बरं आहे. बरं! ह्या एका शब्दानं माणूस कसा झुरतो, ते मास्तरांना स्वतःवरून माहीत होतं.

रुद्रय्या खाली पायरीवर बसून होता. मांडीवर आगट्यांना द्यायची गुळाची भेली, धुतल्या पंचात बांधलेली. मास्तरांना बघून तो ताडकन उठला.

“काय म्हणालं पावणं?”

“छापतो म्हणाले. अभिनंदन! फक्त कलगीवाला नको म्हणतात. एकट्या तुरेवाल्याचं पुस्तक करायचं.”

आणि मास्तर त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना ते बघायचंच होतं. रुद्रय्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो परत पायरीवर टेकला.

“माझं काय न्हाय हो,” तो म्हणाला. “माझा तुरेवाला हाय की शाबूत. मला तुमचं वाईट वाटतंय.”

“माझं? माझा काय संबंध?”

“आवं, आमचा आज्जा तुऱ्याच्या फडातला. आपल्या सवालाला आपणच जवाब दिला तर फड बाटतो म्हणायचा. जवाब समोरच्यानंच द्यायचा. मग कलगीवाला मी कसा लिवणार? ते मधलं एक प्रकरण तुमचं बोलणं आठवून कसंबसं हुबं केलं, नमुन्यापुरतं. बाकीची कलगीची समदी प्रकरणं तुमच्यासाठी कोरी ठेवल्यात. पुस्तकावर दोघांची नावं टाकायची, तुमचं आधी. पर पावणं व्हय म्हणाल्याबिगर तुमच्यासारख्या मोठ्या लेखकाला इचारायचं कुठल्या तोंडानं? म्हटलं, होकार येऊ द्या.”

मास्तरांनी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

रुद्रय्यानं भेली काखेत मारली आणि त्यांचं मनगट पकडलं.

“चला की मास्तर, वर जाऊ. इचारूया तरी पावण्याला, तुमच्या शाहिराला बाहेर काढा म्हणून सांगितलं कुणी!”