देवीने निवडलेली प्रशाला

हर्षदाला विद्यापीठाच्या रेशीम प्रशालेत प्रवेश मिळाला. पण हे तूर्त कुणी ऐकलंच नाही असं समजू, कारण त्या दुपारी तिने अर्जसुद्धा भरला नव्हता.

अर्जात एकच प्रशाला निवडता येत होती आणि मुदत पाचला संपत होती. तिला नाट्य हवं होतं, बाबांना वाणिज्य. वाद मिटेना, तेव्हा बाबांनी तिला मोबाइलसकट देवळात आणलं. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी आधी पडली तर वाणिज्य, डावी पडली तर नाट्य.

पावणेपाच झाले तरी पाकळ्या ढिम्म हलेनात. खांबाभोवती येरझाऱ्या घालून हर्षदाचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी न राहवून तिने हळूच डावीकडच्या पंख्याचं बटण दाबलं.

दोन्ही पाकळ्या एकदमच खाली आल्या.

गुरवाने बराच वेळ डोकं खाजवलं. "दोगांच्या मधला जा काय आसात, ता घेवा, अशी देवी सांगता."

बाबांनी मोबाइलवर प्रशालांची यादी उघडली. नाट्य आणि वाणिज्य यांच्या मधोमध रेशीम होतं.

"बाबा, मी झुरळालापण घाबरते."

"अगो, हे वेगळे किडे. स्कोप असेल," म्हणत त्यांनी अर्ज पाठवूनही टाकला.

हर्षदाने देवीपुढे हात जोडले. "आई, सदर कौलाची फेरतपासणी व्हावी, दोन्ही पाकळ्यांची छायांकित प्रत मिळावी आणि तोवर निकाल राखून ठेवावा, ही नम्र विनंती."