भुंग्याचं काम

"वेबसाइटच्या अकरा पानांवर अकरा फॉर्म, आणि भरलेली माहिती तपासणारा कोड लिहिलाय एकदाच!" बायको जेवता जेवता सांगत होती. "प्रत्येक फॉर्मचा चेहरा वेगळा, आतलं डोकं एकच. भुंग्यानं कमाल केली बाई!"

त्याने वाटी पुढे ओढली. भुंगा म्हणजे त्या दोघांच्या ऑफिसातला नवा उमेदवार. नवं माणूस पहिले तीन महिने घरून, टोपणनावाने काम करी. खरं नाव फक्त गटप्रमुखाला ठाऊक. शेवटी काम कोण तपासतं, तेही कुणाला कळत नसे. वशिला नको म्हणून. भुंग्याची गटप्रमुख होती त्याची बायको.

"मीही तेच करतो," तो म्हणाला.

"तू इथलं उचलून तिथं चिकटवतोस. मग एक चूक निघाली की अकरा ठिकाणी दुरुस्त करत बसतोस. भुंग्याचं एका जागी सुधारलं की सगळीकडे सुधारतं."

"कोण आहे तरी कोण हा?"

ती गालात हसली. "कायम होऊ दे. मग तुझ्या शेजारीच जेवायला बसवते."

ते हसू त्याला बोचलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. आपल्या कामावर ती कधी अशी हसल्याचं त्याला आठवेना.

आतल्या खोलीतून आईने हाक मारली. "अरे, या जुन्या लॅपटॉपच्या कळांवरची अक्षरं पुसली बघ."

"फोटो बघायला अक्षरं कशाला लागतात गं? आणि आता काही विचारू नकोस, दमलोय."

आतून पुन्हा कळांची टकटक सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी त्याने भुंग्याचं काम उघडलं. खोट काढायचीच, अशा इराद्याने दुपारपर्यंत ओळ न् ओळ चाळली. खोट सापडेना. वर त्याचा स्वतःचा एक फॉर्म आठवडाभर अडून बसला होता. तिथं त्याने भुंग्याचा तपासणीचा कोड जोडून पाहिला, तर फॉर्म मुकाट्याने चालू झाला. त्याने कोडमधली नावं बदलली आणि तो स्वतःचा म्हणून तिथंच ठेवून दिला.

महिनाअखेर भुंग्याचे तीन महिने भरले आणि कुणाचं काम कोण तपासणार याच्या चिठ्ठ्या निघाल्या. भुंगा नेमका त्याच्याच वाट्याला आला.

त्याने लिहिलं, "प्रयत्न ठीक. पण हे लिखाण दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाही. नापास." बटण दाबताना बोट जराही अडखळलं नाही.

त्या संध्याकाळी बायकोने आल्या आल्या पर्स खुर्चीवर टाकली. डोळे लाल.

"काय झालं?"

"भुंग्याला काढलं."

"असेल काहीतरी खोट."

"कुठल्या गाढवाने तपासलं, देव जाणे!" म्हणत ती न्हाणीघरात गेली. दार लागलं. नळ जोरात वाहत राहिला.

परक्यासाठी एवढं रडू! बरं झालं, वेळीच उपटलं, असं म्हणत त्याने सोफ्यावर पाय पसरले.

आई बाहेर आली. चष्मा कपाळावर, हातात शाळकरी वही. जरा घुटमळली, मग त्याच्या पायाशी टेकली.

"चिडू नकोस हं, दहाच मिनिटं." तिने वही उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "ते म्हणतात, मी लिहिलेलं दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाही. तू रोज हेच करतोस ना? सांग ना रे, माझं नेमकं चुकलं कुठे?"