नाव सापडत नाही

पडद्यावर पुन्हा तेच वाक्य उमटलं. या नावाची वेबसाइट सापडत नाही.

सिद्धूनं कपाळावर हात मारून घेतला. सकाळी हीच वेबसाइट एकदा अर्धीमुर्धी उघडली होती, आणि फोन नंबर दिसायच्या आत लाइन तुटली होती. बारामतीच्या स्टँडसमोर त्याचं एसटीडी बूथ होतं, त्यातच इंटरनेटचा हा एकुलता एक कॉम्प्युटर. मागच्या आठवड्यात त्यानं त्यावर नवी सिस्टीम टाकली आणि तेव्हापासून याला लहर आली होती. मनात आलं तर वेबसाइट उघडायची, नाहीतर तीच वेबसाइट जगात नाहीच म्हणून हात वर करायचे. एरवी गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगता आलं असतं. आज उद्यावर टाकण्यासारखं काही नव्हतं.

निरवांगीला त्याची आई सारजा अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. असं सांगतात तेव्हा त्याचा अर्थ कुणाला फोडून सांगावा लागत नाही. तिचं मागणं एकच होतं. वैष्णवीचा आवाज एकदा कानावर पडावा.

वैष्णवी सिद्धूची धाकटी बहीण. आत्याच्या सोपानशी तिचं लग्न ती पाळण्यात असतानाच ठरलं होतं. ऐन वेळी तिनं नाही म्हटलं, नर्सिंग शिकायला जाते म्हणाली आणि गेली. मेंढरं विकून शेतीला लागलेलं घर, शब्दाला जागणारं. वडिलांनी, दादासोंनी, त्या दिवसापासून तिचं नाव घरात काढू दिलं नाही. परवा भिगवणची सलिमा सारजाला बघायला आली. शाळेत ती वैष्णवीच्या शेजारी बसायची. तिच्या भावानं म्हणे वैष्णवीला मस्कतच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून पाहिलं होतं. हॉस्पिटलचं नाव तेवढं सलिमाला ठाऊक होतं. त्या नावावरच आता सगळी भिस्त होती.

नवल म्हणजे दादासो आज स्वतः सिद्धूबरोबर आले होते. टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसले होते.

"आबा, तुमी आईपाशी जावा. मी बघतो हितलं."

"बसतो की हितंच," दादासो म्हणाले.

सिद्धूनं मोडेम बंद करून चालू केला. वायर काढून पुन्हा खोचली. मग त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. वेबसाइट उघडायची तेव्हा आधी चांगला वेळ जायचा. नकार मात्र झटक्यात यायचा, विचारायच्या आत. म्हणजे लाइन ठीक होती. पलीकडून कुणीतरी नाही म्हणून सांगत होतं.

त्यानं सेटिंग उघडलं आणि स्वतःलाच एक शिवी हासडली.

"काय झालं रं?" दादासोंनी विचारलं.

"माझाच गाढवपना, आबा. कॉम्प्युटरला वेबसाइटचं नाव ठावं आसतं, ती कुठं हाय ते न्हाय. ते त्यो पत्ता सांगनाऱ्या दोगांना ओळीनं इचारतो. आता पयल्या जागी मी सवयीनं जुन्या इंटरनेट कंपनीचा नंबर घालून बसलोय, आन् ती कंपनी तर आपुन कवाच सोडली. तिकडचा गप ऱ्हायला तर कॉम्प्युटर दुसऱ्याला इचारतो, आन् काम हुतं. पर पयलाच म्हनला, ह्या नावाचं कुनी न्हाय, की संपलं. कॉम्प्युटर त्याचंच खरं धरतो. दुसऱ्याला समदं ठावं आसतंय, पर त्याच्यापतूर कुनी जातच न्हाय."

दादासो पडद्याकडे बघत राहिले. "दुसऱ्याला ठावं आसतंय," ते स्वतःशीच म्हणाले.

सिद्धूनं पहिला नंबर पुसून टाकला. थोड्याच वेळात हॉस्पिटलचं पान हळूहळू खाली उतरत आलं. तळाशी फोन नंबर होता. त्यानं तो तळहातावर लिहून घेतला, इंटरनेट तोडलं आणि त्याच लाइनवर मस्कत लावलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बहिणीचं नाव सांगितलं. पलीकडच्या बाईनं थांबायला सांगितलं.

इतका वेळ आवरून धरलेला राग तेव्हा त्याच्या तोंडून बाहेर पडला. "आई हिच्यासाठी जीव धरून ऱ्हायलीय. आन् हिला येवढ्या वर्सांत एक फोन करावा वाटला न्हाय."

दादासो उठले. त्यांनी सिद्धूच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि दोन्ही हातांनी कानाला लावला. पलीकडून पोरीचा आवाज आला तसे ते रिसीव्हरवर वाकले. सिद्धूनं बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. त्याला भीतीच वाटली.

"वैष्णवे, मी आबा. ठिवू नगंस, पोरी. दर दिवाळीला तुजा फोन यायचा, आन् मी म्हनायचो, ह्या नावाचं हितं कुनी न्हाय. तुज्या आयला मी कदी फोनला हात लावू दिला न्हाय. तिला वाटतंय, तू इसरलीस."

सिद्धूनं बापाकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

दादासोंनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. पलीकडं पोरगी रडत होती. ती थांबेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "आता ह्यो फोन ठिव, आन् घरी लाव. आयची खाट फोनच्या टेबलाला लावलीया. मी हितं बारामतीत हाय. आज तीच उचलंल."